खातं कुणाच्या पदरात?
(सांगवी, ता. बारामती येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो,
मघाशी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "ताई, निवडून आले, पण खाती वाटायची बैठक आमच्या आधीच कुणाच्या तरी वाड्यावर झाली. बांधकाम, अर्थ तिकडे गेलं. आमच्या पदरात महिला-बालकल्याण." ते ऐकताना मला १९३७ सालचं मुंबई प्रांताचं मंत्रिमंडळ आठवलं. हसू नका, सांगते.

त्या वर्षी निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. नेता कोण? मुंबई शहरात के. एफ. नरिमन यांचं मोठं वजन. ते महापौर राहिलेले, प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष. तेच होणार असं पुष्कळांनी धरलं होतं. झाले बाळासाहेब खेर. वल्लभभाईंनी आपल्याविरुद्ध दबाव आणला, असा नरिमन यांनी आरोप केला. वर्तमानपत्रांत धुरळा उडाला. शेवटी गांधीजी आणि बहादूरजी यांनी चौकशी केली. निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांचं राजकारण तिथंच मागं पडलं. काँग्रेसनं सत्ता घ्यायची की नाही, याचा घोळही मिटायचा होता. तोवर धनजीशा कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ होतं. जुलैत खेर आले. अर्थ लठ्ठे यांच्याकडे, गृह मुन्शी यांच्याकडे, महसूल मोरारजींकडे, आरोग्य डॉ. गिल्डर यांच्याकडे.

या भांडणावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्यात बाईचं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही. बायका नव्हत्या का? विधानसभेत स्त्रियांच्या सहा राखीव जागा होत्या. हंसाबेन मेहता यांनी तर राखीव जागा नाकारली, सर्वसाधारण जागेवरून उभ्या राहिल्या आणि विधान परिषदेवर निवडून आल्या. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असं लिहिलेलं बदलून 'सर्व माणसं' करायला लावणाऱ्या त्या हंसाबेन! खेर मंत्रिमंडळात त्यांना काय मिळालं? संसदीय सचिवपद. म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचं काम, मंत्रिमंडळात मत नाही.

योग्य बाई मिळाली नाही, असं म्हणायची सोय नव्हती. त्याच साली, त्याच पक्षानं, संयुक्त प्रांतात विजयालक्ष्मी पंडित यांना मंत्री केलं. स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य ही खाती दिली. तुम्ही म्हणाल, त्या नेहरूंच्या भगिनी. खरं आहे. पण नात्यावर पदं मिळालेल्या पुरुषांची यादी करायला बसलो तर आजची रात्र पुरायची नाही!

अमेरिकेतही तेच. पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळात जेफरसन आणि हॅमिल्टन यांचं इतकं वैर, की त्यातून दोन पक्ष निघाले. पण पहिली बाई मंत्री व्हायला १९३३ साल उजाडलं. फ्रान्सिस पर्किन्स, कामगार खातं.

मला महिला-बालकल्याण कमी वाटत नाही. अंगणवाडीचं काम मी स्वतः केलंय. पण रस्ता कुठून जायचा आणि पाण्याची योजना कुणाच्या वस्तीला, हे दुसऱ्या टेबलावर ठरतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा आपल्या आहेत. म्हणून नेतानिवडीत हात वर करण्याआधीच विचारायचं, अर्थ कुणाकडे, बांधकाम कुणाकडे. हात वर केल्यानंतर कोण ऐकतंय?

त्या बाईंनी सभेची विषयपत्रिका आणलीय. चला, ती वाचून घेऊ.