ऊन, उष्णता आणि वीज
(वरवट बकाल येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. मी विजेवर बोलतो आहे याचे विज्ञान-शिक्षकांना हसू येत असेल. पण मे महिन्यात एका पालकांनी विचारले, "सर, उन्हानं अंग भाजून राहिलं, मंग सोलर पंप थंडीपेक्षा पाणी कमी काऊन फेकते?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढली.

विहिरीची पातळी खाली जाते, हे एक कारण आहेच. पण दुसरे असे की, सौर पाटी उष्णतेवर चालत नाही, उजेडावर चालते. तिच्यात सिलिकॉनचे दोन थर असतात, एकात फॉस्फरस मिसळलेला, दुसऱ्यात बोरॉन. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन थरांच्या सांध्यावर एकाच बाजूला ढकलला जातो, हीच वीज. पाटी तापली की सांध्यातली उलटी गळती वाढते आणि व्होल्टेज घटते. पाटीवर लिहिलेले वॅट २५ अंशांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पाटी ६५ अंशांवर सहज जाते. दर अंशाला साधारण ०.४ टक्का घट धरली, तर शंभर वॅटचे चौऱ्याऐंशीच उरतात.

मग उष्णतेपासून वीज होतच नाही का? होते, पण रीत वेगळी. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाने दोन निराळ्या धातूंचे वेटोळे जोडून एक सांधा तापवला, तेव्हा जवळची चुंबकसूची हलली. त्याला वाटले, उष्णतेने चुंबकत्व आले. तो प्रवाह विजेचा आहे, हे ओर्स्टेडने ओळखले. एवढा मोठा माणूस चुकला, तरी त्याचा प्रयोग खराच राहिला! १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांना सूर्यापासून इतक्या दूर वीज मिळाली ती याच रीतीने, प्लुटोनियमच्या उष्णतेतून.

मुलांनो, तांब्याची आणि सेंट्रिंगची लोखंडी तार एका टोकाला पिळा, ते टोक मेणबत्तीवर धरा, मोकळी टोके मल्टिमीटरला लावा. मिलिव्होल्टचा आकडा दिसेल. मोठ्या माणसाला जवळ बसवा.

आता त्या पालकांसाठी. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाण्यापेक्षा दिवसाचा पंप केव्हाही बरा. फक्त पाटीखालून वारा खेळू द्या, कडबा रचू नका. धूळ सकाळी लवकर, पाटी थंड असताना धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारले तर ती तडकू शकते.