मागच्या अंगणातील झाडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या मागच्या, पश्चिमेकडील अंगणाचे काय करावयाचे, हा विषय गेल्या दोन बैठकांत निघाला होता. तेथे काही जगत नाही, तेव्हा सरळ फरशी घालून टाकावी, असे बहुतेकींचे मत पडले. निर्णय वर्धापनदिनानंतर घ्यावयाचा आहे. आज बोलावयाची संधी मिळालीच आहे, तर फरशीच्या विरुद्ध माझे म्हणणे मांडून घेते.

त्या अंगणात आपण आजवर काय काय लावले ते आठवून पाहा. हिरवळ लावली, गुलाब लावले, एका वर्षी डेलियाही लावला. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो. दुपारनंतरचे सगळे ऊन त्या भिंतीवर येते आणि तापलेली भिंत दिवेलागणीनंतरही धगधगत असते. पाऊस म्हणाल तर आपल्या या अवर्षणी पट्ट्यात वर्षाकाठी ५०० ते ७०० मिलिमीटर, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. अशा जागी गुलाबाने जगावे तरी कसे? आणि त्याच भिंतीच्या आत आपला शिवणवर्ग भरतो. मुली मार्चपासूनच घाम पुसत मशीन चालवितात. बाहेर फरशी घातली तर ती उन्हात तापून खोलीत आणखी धग आणील. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता गटारात जाईल ते निराळेच.

नान्नजला माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. १९७९ साली झालेले. येथून फार तर वीस-बावीस किलोमीटर. त्या रस्त्याने ऐन उन्हाळ्यात जाऊन दोन्ही बाजूंचा माळ पाहावा. तेथे कोणी पाणी घालीत नाही, खत टाकीत नाही, तरी काही झुडपे हिरवी असतात. त्यांनाच आपल्या अंगणात बोलवावयाचे.

त्यांत माझे पहिले मत तरवडाला. ‘अहो, ते रानातले झुडूप अंगणात?’ असे आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या. पण भगिनींनो, आपल्याच गावच्या पूर्व भागातील पद्मशाली भगिनींना विचारा. त्या त्याला तंगेडू म्हणतात, आणि बतुकम्माच्या सणात फुलांची जी रास रचतात तीत तरवडाच्या पिवळ्या फुलांना मान असतो. शेजारच्या तेलंगणाचे तर ते राज्यफूलच आहे. पूर्वी याच्या सालीने कातडी कमावीत. झुडूप पुरुषभर उंच होते, मूळ खोल जाते, पाने बारीक असल्याने पाणी कमी उडते. शेळ्या-गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. आपल्या कुंपणाची अवस्था पाहता हा गुण मी मोठा समजते. पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या याची पाने कुरतडतात. त्या दिसल्या म्हणून औषध मारावयास धावू नये. आठ-पंधरा दिवसांत पाने पुन्हा येतात, आणि फुलपाखरे बालवाडीतल्या मुलांना पाहावयास मिळतात.

तरवडाच्या जोडीला निर्गुडी लावावी. फांदी खोचली तरी ती जगते, निळसर तुरे येतात, आणि बाळंतिणीच्या शेकाला, सुजल्या गुडघ्याला पाला हाताशी राहतो. कुंपणाकडे पिवळी कोरांटी. काटे आहेत, पण कुंपणाला काटे हवेतच. अडुळसा दक्षिणेच्या कोपऱ्यात ठेवावा. अगदी भिंतीच्या झळीत तो कोमेजतो. रुई मात्र मी आपल्या अंगणात सुचविणार नाही. तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, आणि आपल्याकडे लहान मुले येतात.

सावलीसाठी एक झाड हवे. कोणी बहावा सुचविला होता. फुलला की दृष्ट लागावी असे झाड, यात शंका नाही. पण ऐन उन्हाळ्यात त्याची पाने झडतात, आणि आपल्याला सावली हवी असते नेमकी तेव्हाच. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल खरे, परंतु ते कोकणच्या ओढ्याकाठचे झाड आहे. कडुनिंबाला मात्र पाडव्याच्या सुमारास नवी पालवी येते आणि वैशाखात दाट सावली असते. तो भिंतीपासून पंधरा फूट दूर लावावा, म्हणजे मुळांची भीती नको. सदाफुली आणि बोगनवेल उन्हात टिकतात, पण पहिली मूळची मादागास्करची आणि दुसरी दक्षिण अमेरिकेची. पुढच्या दाराशी आहेत त्या सुखाने राहोत, त्या उपटा असे मी म्हणत नाही.

आता लावण्याविषयी. दीड फूट लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर मुरूम, माती आणि दोन घमेली जुने शेणखत घालून तो भरावा. रोप भिंतीपासून निदान तीन फूट दूर असावे. तरवडाचे बी जागच्या जागी पेरलेलेच बरे, कारण सोटमूळ दुखावलेले त्याला खपत नाही. बी कठीण असते. कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चांगला जाड थर द्यावा. आपण तो रोज झाडून जाळतो, ते बंद करावे लागेल.

पाणी किती, हे सर्वांत महत्त्वाचे. कारण ते घालणार कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. घरी हंडे-बादल्या भरून ठेवणाऱ्या आपणच. हिरवळीला रोज पाणी लागत असे, आणि त्यावरून वादही झाले. या झुडपांना पहिला हिवाळा आणि पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा, प्रत्येकी एक बादली पुरे. पुढच्या वर्षी महिन्यातून एकदा, आणि तिसऱ्या वर्षापासून बहुधा नाहीच. कडुनिंबाला एक वर्ष जास्त धरावे.

तेव्हा फरशीचा ठराव एक पावसाळा पुढे ढकलावा, अशी माझी सूचना आहे. तरवडाच्या वाळलेल्या शेंगा मी पिशवी भरून आणल्या आहेत. चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत, जाताना मूठभर घेऊन जावे. आणि मृगाच्या पहिल्या रविवारी मागच्या अंगणात खड्डे भरावयास ज्यांना येता येईल, त्यांनी तेथल्या वहीत नाव लिहावे.