वाचनालयाची शिल्लक

मंडळी, परवा पारावर एकानं मला विचारलं, “गुरुजी, वाचनालयाच्या खात्यात ६,३०० रुपये पडून आहेत. मग यंदा पुन्हा वर्गणी कशाला?”

प्रश्न रास्त आहे. पैसा लोकांचा, तेव्हा विचारायचा हक्कही लोकांचाच.

आपल्या सोलापूर भागात पूर्वी ज्वारी पेवात साठवत. सुगी चांगली झाली म्हणून कोणी पेव लगेच रिकामं करत नसे. पुढच्या साली पाऊस येईलच, असा भरवसा नव्हता. (तो आजही नाही.) संस्थेनं असा पैसा राखून ठेवला की त्याला गंगाजळी म्हणतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सर्व जातींची गरीब मुलं तिथं एकत्र राहत, एकत्र जेवत. खर्च रोजचा आणि गाठीला काही नाही. एकदा धान्यच संपलं. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांसाठी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. बाकीचे दागिने आधीच गेले होते.

लोक ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. ती आहेच. पण मी हिशेब शिकवणारा माणूस, मला तीत आणखी एक दिसतं. संस्थेजवळ शिल्लक नसली की सारा भार कोणा एकाच्या घरावर पडतो.

पुढं संस्थेनं मुष्टिफंड चालवला. घरोघरी मूठभर धान्य मुलांसाठी बाजूला काढायचं. १९४८ साली सरकारी अनुदान थांबलं, तरी संस्था मोडली नाही. लोक पाठीशी होते. नंतर अनुदान पुन्हा सुरू झालं.

आता आपलं बघा. महिन्याला वर्तमानपत्राचे १५०, विजेचे ३००, झाडलोट करणाऱ्या मावशींचे ६००. झाले १,०५०. आता ६,३०० ला १,०५० नं भागा. किती आले? सहा. म्हणजे वर्गणी थांबली तर सहा महिने दिवा लागेल. सातव्या महिन्यात पहिल्यांदा मावशींचे पैसे अडतील.

एका साली आम्ही सगळी शिल्लक जयंतीच्या मांडवावर घातली. त्याच मृगात पत्रे उडाले, पुस्तकं भिजली. त्या ठरावावर माझीही सही आहे.

म्हणून माझं म्हणणं, वर्गणी चालू ठेवावी आणि शिल्लकेला हात लावायचा तर सभेला विचारून लावावा. पटत नसेल त्यानं आत्ताच बोलावं. ही जमाखर्चाची वही. डावीकडं जमा, उजवीकडं खर्च. आज मी वाचून दाखवणार नाही. हातोहात फिरवा आणि तुम्हीच वाचा.