सिसिली: आधी बंदर, मग बाग

सिसिलीची सहल बहुतेकांची ताओर्मिनात सुरू होते. प्राचीन रंगमंदिर, मागे धुमसणारा एट्ना ज्वालामुखी, खाली निळा समुद्र आणि दुपारी एखाद्या वाइनरीत तीन-चार प्याल्यांची चव. देखणं आहे, वादच नाही. पण अशा सहलीत शहर एकीकडे राहतं आणि वाइन दुसरीकडे. हे बेट कळायला हवं असेल तर पश्चिम टोकाच्या मार्सालापासून निघावं.

1773 मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं इथली वाइन मायदेशी धाडायचं ठरवलं. प्रवास लांबचा, माल वाटेत बिघडायची धास्ती. म्हणून त्यानं पिंपांत मद्यार्क मिसळला. पोर्ट आणि शेरीवाल्यांची ही जुनीच युक्ती. माल टिकला आणि खपलाही. 1800 मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सननं आरमारासाठी ही मार्साला वाइन मागवली, तर 1833 मध्ये व्यापारी विन्चेन्झो फ्लोरिओ या धंद्यात उतरला. त्याची लांबलचक तळघरं आजही समुद्राकाठी उभी आहेत. खरी गंमत 11 मे 1860 ची. इटली एक करायला निघालेला गारिबाल्दी आपले हजारभर स्वयंसेवक घेऊन मार्सालात उतरला, तेव्हा इंग्रज वाइनवाल्यांच्या मालमत्तेची काळजी वाहायला दोन ब्रिटिश युद्धनौका तिथे हजर होत्या. त्यांच्यामुळे, तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या नेपल्सच्या जहाजांचा हात गोळीबाराला कचरला. इटलीच्या एकीकरणात वाइनच्या वखारींचाही असा वाटा आहे! पुढे हीच मार्साला स्वयंपाकात घालायची वाइन म्हणून स्वस्त झाली, हे तिचं दुर्दैव.

मार्साला ते त्रापानी हा किनारा मिठागरांचा आणि पवनचक्क्यांचा. तिथे संध्याकाळी थांबावं.

आग्नेयेला सिराक्यूज. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेना मंदिराचे खांब जसेच्या तसे दिसतात. देव बदलले, खांब हलले नाहीत. जवळचं नोटो 1693 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं.

शेवटी एट्ना. सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत चढलेल्या बागांत नेरेल्लो मास्कालेझे हे काळं द्राक्ष पिकतं. सांगलीकडच्यासारखा मांडव इथल्या जुन्या बागांत नाही. वेल खुंटाच्या आधारानं झुडपासारखा एकटा वाढवतात, बांध लाव्हाच्या काळ्या दगडाचे. या उतारांवरची वाइन खाली रिपोस्तो बंदरातून जहाजांवर चढायची. कातानियाहून डोंगराला वळसा घालून रिपोस्तोकडे जाणारी अरुंद रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. 1968 मध्ये सिसिलीतलं पहिलं डीओसी, म्हणजे वाइनच्या मूळ प्रदेशाचं अधिकृत मानांकन, एट्नालाच मिळालं. पर्यटकांची गर्दी मात्र बागांपेक्षा विवराकडेच जास्त.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: पश्चिमेकडची द्राक्षतोडणी आधी उरकते, एट्नावरची ऑक्टोबरपर्यंत चालते. तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला मार्साला, ऑक्टोबरात एट्ना, ताओर्मिना त्यानंतर.