डाव्या हातास न कळू देता
(धारणी येथे ज्युबिलीच्या निमित्ताने दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी बोलावयास उभे राहणाऱ्याने मंदिराच्या भिंती कोणी उभारल्या, घंटा कोठून आली, पटावर किती नावे चढली, ह्यांचा हिशेब सांगावा, अशी रीत पडून गेली आहे. ती रीत वाईट नव्हे. परंतु तो हिशेब आमच्याहून जाणती मंडळी आपणांस सांगतील. आम्हांस आज दुसरेच एक खाते उघडावयाचे आहे. ज्युबिली हा शब्द ज्या इब्री शब्दापासून निघाला, त्याचा संबंध मेंढ्याच्या शिंगाशी आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, सात वेळा सात वर्षे लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे, जो दास झाला असेल त्यास मोकळे करावे, आणि ज्याची वडिलार्जित जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. तेव्हा ज्याच्या हाती काही आहे त्याने त्या वर्षी मूठ सैल करावी, हा ज्युबिलीचा मूळ अर्थ. मिरवणूक, तोरणे आणि भोजन ही पुढे आली. तीही असोत, आज भोजन आहेच!

आता, धारणीच्या माणसाने मूठ सैल करावयाची म्हणजे करावयाचे काय? अमरावतीहून निघून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट ओलांडून जो येथे येतो, त्यास मेळघाटाचे हिरवे रूप प्रथम दिसते आणि तो मोहित होतो. येथे राहणाऱ्यास त्याच हिरवेपणाची दुसरी बाजूही ठाऊक असते. आषाढ-श्रावणात नदीनाले भरतात, पाड्यांच्या वाटा तुटतात, कोठीतील धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक अद्याप शेतात उभे असते. नेमक्या त्याच दिवसांत लहान मुलांस हगवण आणि छातीचा विकार गाठतो. इ.स. १९९३ मध्ये येथील बालमृत्यूंचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मेळघाटाचे नाव महाराष्ट्रभर झाले. तेव्हापासून आमच्याकडे दया करावयास येणारांची वाण पडली नाही. गाड्या येतात, कांबळी वाटली जातात, वाटणारा व घेणारा ह्यांची छायाचित्रे काढली जातात, आणि सूर्य मावळण्यापूर्वी गाड्या घाट उतरून जातात. कांबळ्याने थंडी निवारते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जी माउली कडेवरचे मूल सावरीत छायाचित्रासाठी दोनदा हात पुढे करते, तिच्या मुद्रेकडे एकदा तरी न्याहाळून पाहावे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दानाविषयी जे सांगितले, की उजव्या हाताचे करणे डाव्यास कळू नये, ते दात्याचा गर्व जिरावा एवढ्यासाठीच सांगितले असे आम्हांस वाटत नाही. घेणाऱ्याची लाज राखणे हाही त्या वचनाचा अर्थ आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

ह्याच धारणी तालुक्यात बैरागड नावाचे गाव आहे. नागपुरास वैद्यकाची पदवी मिळविलेले एक तरुण, डॉ. रवींद्र कोल्हे, १९८० नंतरच्या त्या दशकात तेथे येऊन राहिले. ते आमच्या धर्माचे नव्हेत. गांधी आणि विनोबा ह्यांच्या विचारांनी त्यांस ही वाट दाखविली. तरीही त्यांची हकीकत आम्ही मुद्दाम ह्या ठिकाणी सांगत आहो, कारण भुकेल्यास अन्न देणारे आणि आजाऱ्यास भेटणारे अखेरच्या दिवशी कोणत्या बाजूस उभे राहतील, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगताना प्रभूने त्यांचा पंथ विचारलेला नाही.

खेड्यात जावयाचे तर काय काय यावयास हवे, हे त्यांनी सेवाग्रामच्या डॉ. जाजू ह्यांस विचारले. गुरूने त्यांस उपदेशाचे मोठे व्याख्यान दिले नाही. आधुनिक यंत्राच्या मदतीवाचून आणि रक्त चढविण्याची सोय नसताना बाळंतपण करता यावे, छातीचे चित्र न काढता फुप्फुसाचा दाह ओळखता यावा, हगवणीवर उपचार करता यावा, एवढ्या गोष्टी आधी शिकून घे, असे सांगितले. शिष्याने मुंबईस सहा महिने राहून त्या शिकून घेतल्या व मग तो डोंगरात शिरला. पुढे एक मनुष्य स्फोटात हात गमावून त्यांच्याकडे आला. त्याच्यावर उपचार करण्यापुरते आपले ज्ञान नाही, हे ध्यानी येताच ते पुन्हा शिकावयास गेले, आणि अधिक विद्या घेऊन परतले. सेवेची उर्मी आली की शिकण्याची गरज संपली, असे मानणारे भाविक लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. नुसता कळवळा हा पाड्यावर फार दिवस कामास येत नाही.

परत येण्यापूर्वी त्यांनी विवाह करावयाचे ठरविले, आणि वधूसाठी अटी घातल्या त्या अशा: चाळीस किलोमीटर पायी चालण्याची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत, नोंदणी पद्धतीने होईल, महिन्याच्या चारशे रुपयांत संसार करावा लागेल, आणि वेळ पडल्यास स्वतःसाठी नव्हे, पण दुसऱ्यासाठी भीक मागावी लागेल. पुष्कळ ठिकाणी नकार आला, ह्यात नवल ते काय? नागपुरातील डॉ. स्मिता ह्यांनी होकार दिला. गावाचा विश्वास मात्र एकदम बसला नाही. तो बसला, असे सांगतात, त्यांच्या पहिल्या बाळाच्या आजारपणात. बाळ अत्यवस्थ झाले तेव्हा त्यास अकोल्यास न्यावे, असा सल्ला पुष्कळांनी दिला. परंतु येथील इतर बाळांस जो उपचार मिळतो तोच ह्यास मिळेल, असे त्या माउलीने ठरविले. बाळ वाचले. हा निर्णय प्रत्येक मातेने अनुकरावा, असे आम्ही म्हणणार नाही. किंबहुना अशा वेळी मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेणे हेच कोणाही आईबापांचे कर्तव्य होय. परंतु त्या दिवसापासून बैरागडच्या लोकांनी त्यांस परके मानले नाही, एवढे खरे. पहिल्या भेटीस दोन रुपये आणि पुढील भेटीस एक, अशी फी त्यांनी वर्षानुवर्षे घेतली. एका मंत्र्याने त्यांचे घर पाहून नवे बांधून देण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा स्मिताबाईंनी घराऐवजी रस्ते मागितले. इ.स. २०१९ मध्ये उभयतांस पद्मश्री मिळाली. तोपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

धारणीजवळच्याच उतावली गावी डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव ह्यांनी 'महान' ह्या संस्थेचे काम उभे केले आहे. त्या कामातील एकच गोष्ट आम्हांस येथे सांगावयाची आहे. पाड्यातीलच, फारशा न शिकलेल्या स्त्रियांस त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्यास, आजार वेळीच ओळखण्यास आणि प्रथमोपचार करण्यास शिकविले. डॉक्टर मध्यरात्री दहा पाड्यांस पोहोचू शकत नाही. ती बाई मात्र शेजारच्याच झोपडीत असते, कोरकू बोलते, आणि सासूला कसे समजवावे हे तिला ठाऊक असते. बाळाच्या पोटावर डाग देण्याची, डंब्याची, जी जुनी चाल आहे, ती बाहेरच्याने डोळे वटारून मोडत नाही. शेजारणीने आधीच्या रात्री चुलीपाशी बसून चार शब्द सांगितले, आणि भूमकाचा मान राखून त्यासही बरोबर घेतले, तर मोडते. शिकविणाऱ्याची खरी परीक्षा अशीच असते: तो निघून गेल्यावर काम चालते की थांबते?

आमच्या धर्मप्रांताचा इतिहासही ह्या वाटेशी अनोळखी नाही. सव्हॉयमधील अन्सी नगरात फादर मेर्मिये ह्यांनी इ.स. १८३८ मध्ये संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्या संघाचे फादर १८४६ मध्ये विशाखापट्टणास उतरले आणि तेथून नागपूर-वऱ्हाडापर्यंत पसरले. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये, आणि आमचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये निराळा झाला. ज्या संताचे नाव ह्या फादरांनी घेतले, त्याच्या चरित्रातील एक लहानशी हकीकत पहा. इ.स. १६०५ च्या सुमारास ला रोश गावी त्यास मार्टिन नावाचा एक मुका-बहिरा तरुण भेटला. ऐकू येत नाही त्यास धर्म कसा शिकवावा, असा प्रश्न करून लोकांनी त्याचा नाद सोडला होता. बिशपसाहेबांनी त्यास आपल्या घरी ठेवून घेतले, आणि स्वतः बसून, हातांच्या खुणांची भाषा जुळवून, त्यास प्रभूची ओळख करून दिली. पुढे त्यास पवित्र कम्युनियनही दिले. ज्याच्याकडे सगळ्या धर्मप्रांताचा कारभार आणि ग्रंथलेखन होते, त्याने एका निरुपयोगी समजल्या गेलेल्या मुलासाठी इतका वेळ कोठून काढला असेल!

मेळघाटातील पुष्कळ लेकरे शाळेच्या पहिल्या वर्षी त्या मार्टिनसारखीच असतात. घरी कोरकू, शाळेत मराठी. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिच्या संताळी, मुंडारी ह्या भगिनी दूर पूर्वेस राहिल्या, आणि ही सर्वांहून पश्चिमेकडची सातपुड्यात नांदत आहे. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. पाटी घेऊन बसलेले ते मूल गुरुजींचे बोलणे ऐकते, परंतु ते त्यास समजत नाही. ते गप्प राहते, आणि त्याच्या गप्पपणास मंदपणा समजला जातो. पुढे शाळा सुटते, दिवाळीनंतर आईबापांबरोबर ते कामाच्या शोधात परगावी जाते, आणि पटावरचे नाव नुसते नावच राहते. प्रोटेस्टंट मिशनच्या जॉन ड्रेक ह्यांनी १९०३ मध्ये कोरकूचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि आमच्या काळातील फादर स्टीफन फुक्स ह्यांनी कोरकू लोकांवर मोठा ग्रंथ लिहिला. परदेशातून आलेल्या माणसांनी एवढे कष्ट घेतले. आमच्या धारणीच्या बाजारपेठेत मात्र कोरकूचे दहा शब्द न शिकता पिढ्या गेल्या. ह्या ज्युबिलीत दुसरे काही न झाले, आणि दोन्ही भाषा येणाऱ्या आमच्या मोठ्या मुलामुलींनी शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या एकेका लेकराजवळ आठवड्यातून दोन वेळा बसावयाचे मनावर घेतले, तर आमच्या मते तेवढ्यानेही ज्युबिली झाली.

मात्र येथे एक धोक्याची जागा आहे. आम्ही ज्यास हात देतो तो आमच्या अपेक्षेप्रमाणे वर येतोच असे नाही. दहावीस अनुत्तीर्ण होतो, दारूस लागतो, न सांगता निघून जातो. प्रेषितांच्या कृत्यांत मार्क ह्या तरुणाची कथा आहे. तो पौल व बर्णबा ह्यांच्याबरोबर प्रवासास निघाला, आणि मध्येच त्यांस सोडून परत गेला. पुढल्या फेरीस बर्णबाने त्यास पुन्हा बरोबर घ्यावयाचे म्हटले. पौलाने साफ नकार दिला. दोघांत इतका वाद झाला की त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. बर्णबा मार्कास घेऊन सायप्रसकडे गेला, आणि पुढे ग्रंथ पौलाच्या मागे गेला; बर्णबाचे नाव तेथे जवळजवळ थांबते. परंतु आयुष्याच्या शेवटी तिमथ्यास लिहिताना पौलच मार्कास बोलावून घेतो, तो आपल्या उपयोगाचा आहे असे म्हणतो. आणि दुसरे शुभवर्तमान ज्याच्या नावे आहे तो हाच मार्क, असे परंपरा मानते. बर्णबाने एक परत गेलेला मुलगा उचलून धरला नसता तर काय झाले असते, ह्याचा विचार आमच्या वसतिगृहांच्या चालकांनी अवश्य करावा.

दुसरी गोष्ट थोडक्यात. सेवा हे आमिष नव्हे. शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूस उचलले, तेलद्राक्षारस लाविला, खाणावळीत नेले, दोन दिनार पुढे ठेवून परतताना उरलेले देईन असे सांगितले. त्या जखमीस त्याने आपल्या डोंगरावर उपासनेस येण्याची अट घातली नाही. जो आमच्या हातचे औषध घेतो त्याने आमच्या बाकावर येऊन बसावे, अशी मनीषा मनात धरणे हा सौदा होईल. कोणी आमच्या श्रद्धेविषयी विचारले तर उत्तर द्यावे, मोकळेपणाने द्यावे. न विचारले तर पाण्याची कळशी उचलून चालू लागावे.

इ.स. १८३३ मध्ये पॅरिस येथे एका वादसभेत कॅथलिक विद्यार्थ्यांस विरोधकांनी टोचून विचारले की, तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केले असेल. आज काय करीत आहे? फ्रेडरिक ओझानाम त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. त्याने उत्तरादाखल निबंध लिहिला नाही. सोबत्यांस घेऊन तो सिस्टर रोझाली रेंद्यू ह्यांच्याकडे गेला. त्या धर्मभगिनी गरीब वस्तीत वर्षानुवर्षे राबत होत्या. त्यांनी ह्या मुलांस गरिबांच्या घरांचे पत्ते दिले, दार कसे ठोठवावे, काय बोलावे आणि कोठे गप्प बसावे हे शिकविले. त्यातूनच संत विन्सेंट द पॉल ह्यांच्या नावाची सोसायटी उभी राहिली. ओझानाम ह्यांस १९९७ मध्ये आणि रोझाली ह्यांस २००३ मध्ये धन्य म्हणून घोषित करण्यात आले.

तोच प्रश्न आज धारणीच्या बाजारात कोणी आम्हांस विचारला तर, ह्या आवारात बसलेल्या तरुणांनी पत्ते मागावयास जावे. पत्ते येथे पुष्कळ आहेत. अमरावतीच्या मोठ्या रुग्णालयात पाठविलेल्या कोरकू रोग्यास तेथील खिडक्या, चिठ्ठ्या आणि मजले कळत नाहीत. भाषा न कळाल्याने घाबरून कित्येक जण उपचार अर्धा टाकून रात्रीच्या गाडीने परत येतात. त्यांच्याबरोबर दोन दिवस जाऊन राहणारा एक माणूस हवा आहे. त्यास पगार नाही, हार नाही, आणि छायाचित्र तर नाहीच. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी अशी दहा नावे फादरांकडे जमा व्हावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.