वॅट किती खातो, उजेड किती देतो?



आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन घ्या की मंठा घ्या, बल्ब घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "साठचा आहे का?" चाळीसचा म्हणजे मंद, साठचा म्हणजे बरा, शंभरचा म्हणजे लखलखीत, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. म्हणूनच दुकानदाराने ९ वॅटचा एलईडी पुढे केला की मन कचरते. साठाचे काम नऊ कसे करणार? पोरगी दहावीला आहे, रात्री उशिरापर्यंत वाचते; विजेचे चार पैसे वाचवताना तिच्या पुस्तकावरचा उजेड तर कमी होणार नाही ना? शंका रास्त आहे. आज तिचाच उलगडा करू.

मुळात वॅट हे उजेडाचे माप नव्हेच. दिवा किती वीज खातो, ते वॅट सांगतो. किती उजेड देतो, ते लुमेन सांगतो. म्हैस घेताना ती पेंड किती खाते यावर आपण भुलत नाही. चरवीत दूध किती पडते ते बघतो. दिव्याचेही तसेच.

जुन्या बल्बात टंगस्टनची बारीक तार तापून पांढरीशुभ्र होते. तिने खाल्लेल्या विजेच्या शंभरातले नव्वदांहून जास्त भाग उष्णतेतच जातात. हात लावला तर चटका बसतो तो त्याचाच. असा ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० लुमेन उजेड देतो. सीएफएल १४-१५ वॅटमध्ये सुमारे ८०० लुमेन देतो, आणि चांगला एलईडी ९ वॅटमध्येच ८०० ते ९००. रोज पाच तास दिवा जळाला, तर महिन्याला जुना बल्ब ९ युनिट खातो. एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, ते याच हिशेबावर.

खेड्यातली आणखी एक अडचण दाबाची. विजेचा दाब दहा टक्के उतरला, तर जुन्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. तार नुसती लालसर दिसते. चांगल्या एलईडीच्या आतली यंत्रणा कमी-जास्त दाब सांभाळून घेते.

पण खोक्यावर छापले म्हणून ते खरेच, असे कसे म्हणावे? नाव मोठे, लक्षण खोटे, असाही माल बाजारात असतो. तेव्हा आपणच मोजू या. बुन्सेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक सोपी युक्ती काढली. तिला लागतो कागद आणि थेंबभर तेल.

जाड पांढऱ्या कागदाच्या मधोमध गोड्या तेलाचा डाग पाडा. खोलीत अंधार करा. लांब बाकाच्या दोन टोकांना दोन दिवे लावा, आणि मधे कागद उभा धरा. ज्या बाजूने उजेड जास्त, तिकडून डाग काळपट दिसतो. कमी उजेडाच्या बाजूने उजळ दिसतो. कागद मागेपुढे सरकवा. एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तिथे दोन्हीकडून सारखाच उजेड पडतो आहे, असे समजावे.

आता अंतरे मोजा, आणि प्रत्येक अंतराला त्याच अंतराने गुणा. समजा, जुना बल्ब ९० सेंटीमीटरवर आहे आणि एलईडी १०० सेंटीमीटरवर. नव्वद नव्वदे ८,१००, आणि शंभर शंभरे १०,०००. म्हणजे त्या दिशेला एलईडीचा उजेड जवळजवळ सव्वापट. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा नियम मुलांना फळ्यावर सांगण्याऐवजी असा हाताने पटवता येतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुना बल्ब चहूकडे उजेड टाकतो, एलईडी बहुतेक समोर. त्याच्या पाठीमागे अंधारच. म्हणून मोजणी एकदा दिव्याचे तोंड कागदाकडे करून, आणि एकदा आडवे करून घ्यावी. दुसरे म्हणजे, एकाचा उजेड पिवळट आणि दुसऱ्याचा पांढरा असला, तर डाग पुरता जात नाही. रंग सोडून फक्त उजळपणा पाहावा. बल्ब बदलताना बटण बंद करावे, आणि हे काम गुरुजींनी स्वतः करावे. सीएफएल फुटू देऊ नये, त्यात पारा असतो. फुटलाच, तर खिडक्या उघडून मुलांना आधी बाहेर काढावे.

पुढच्या खेपेला दुकानात गेलात, की वॅटच्या आधी लुमेनचा आकडा विचारा. खोक्यावरच्या ताऱ्यांच्या लेबलाकडेही पाहा. एका वॅटमागे उजेड जितका जास्त, तितके तारे अधिक. आकडाच छापलेला नसेल, तर तो दिवा कितीही स्वस्त असो, परत ठेवा. आणि अभ्यासाचा दिवा आढ्याला टांगण्यापेक्षा पुस्तकाजवळ आणा. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, आणि त्यासाठी विजेच्या बिलात एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही.