मोल कोण ठरवतो?
(मंठा येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षक, तलाठी, डॉक्टर, पोलीस ही नावे आपल्या घरात रोज निघतात. आज आम्ही अशा एका कामाविषयी बोलणार आहोत, ज्याचे नाव आपल्या वस्तीत सहसा निघत नाही. ते म्हणजे घर, प्लॉट, जमीन यांची किंमत ठरविणाऱ्या व्हॅल्युअरचे काम. आम्ही स्वतः व्हॅल्युअर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. परंतु व्हॅल्युअरचे अहवाल कर्जाच्या फायलीला लावणे हे आमच्या टेबलावरचे नित्याचे काम. ते वाचून जे उमगले, ते आपल्यापुढे मांडत आहोत.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. व्हॅल्युअर जागेवर जातो. चतुःसीमा कागदाशी ताडून पाहतो. टेप लावून मोजमाप घेतो, बांधकामाचे वय, रस्ता, पाणी, नाली पाहतो. मग आसपास झालेले व्यवहार तपासतो. शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तोही पाहतो. पण तो तक्ता मुख्यतः मुद्रांक शुल्कासाठी असतो. तोच बाजारभाव असे समजू नये.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा 30 बाय 50 चा म्हणजे 1500 चौरस फुटांचा प्लॉट आहे आणि दर 600 रुपये आहे. जागेचे झाले 9 लाख. त्यावर 800 चौरस फूट बांधकाम आहे. आज ते नव्याने बांधायला 1400 रुपये फुटाने 11 लाख 20 हजार लागतील. पण घर 20 वर्षांचे आहे. इमारतीचे आयुष्य 60 वर्षे धरले आणि शेवटी 10 टक्के भंगारमूल्य धरले, तर घसारा येतो 30 टक्के, म्हणजे 3 लाख 36 हजार. उरले 7 लाख 84 हजार. जागा मिळवून एकूण 16 लाख 84 हजार. मित्रहो, यात सातवीच्या गणितापलीकडे काही नाही. कठीण आहे ते 600 हा दर सिद्ध करणे. तो कशावरून धरला, हे व्हॅल्युअरला लिहून द्यावे लागते.

इथेच आपल्या समाजाचा प्रश्न सुरू होतो, कारण दर नुसत्या मातीला मिळत नाही, कागदालाही मिळतो. एकाच शिवारात, एकाच बांधाला लागून दोन जमिनी असतात. एकीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 असते, दुसरीच्या वर्ग 2. माती एक, पाणी एक. पण वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी आणि तारण म्हणून बँकही मागेपुढे पाहते. शासनाने भूमिहीनांना दिलेल्या जमिनी बहुधा याच वर्गात आहेत. गावठाणातल्या घराचेही तसेच. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देण्याचे काम झाले आहे. ज्या गावात ते झाले, तिथे आपल्या घराचे पत्रक निघाले का, हे प्रत्येकाने विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट खरेदीखताची. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून खतात किंमत कमी लिहायची आणि उरलेली रक्कम हातात द्यायची, असा प्रकार चालतो. त्या दिवशी चार पैसे वाचतात. पुढे काय होते? 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात बाजारमूल्य काढताना मागील तीन वर्षांची परिसरातील खरेदीखते पाहतात आणि त्यांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. ही सरासरी आणि मुद्रांकाचा दर यांत जे जास्त ते धरतात. ग्रामीण भागात त्याला गुणक लावतात आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम देतात. म्हणजे खतात खोटी किंमत लिहिणारा स्वतःचेच नव्हे, तर साऱ्या शिवाराचे मोल उतरवतो. रस्ता आला, कालवा आला, की हेच कागद आपल्यापुढे ठेवले जातात. तेव्हा ओरडून उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेची. ही योजना 2004 पासूनची. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळावी, हा तिचा हेतू. 2018 साली ती शंभर टक्के अनुदानाची झाली आणि जमीन खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी 5 लाख, बागायतीला 8 लाख ठरली. परंतु जिथे भाव या मर्यादेवर जातो, तिथे विकणारा पुढे येत नाही. आणि मर्यादेत मिळते ती जमीन कधी खडकाळ, कधी वाट नसलेली. ती पाहून, मोजून, निर्भीडपणे मत देणारा जाणकार आपल्या बाजूला असेल, तर भूमिहीनाच्या पदरी खडक पडणार नाही.

बाबासाहेबांनी 1918 साली शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. जमीन किफायतशीर आहे की नाही, हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, तिच्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. मोल समजून घेण्याची ही शिस्त आपल्याला नवी नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 खाली आणि 2017 च्या नियमांनुसार नोंदणीकृत व्हॅल्युअर होता येते. जमीन व इमारत या वर्गासाठी सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचना यातील पदवी आणि 5 वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर असेल तर 3 वर्षांचा. मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचे सभासदत्व घ्यावे लागते, तिचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि परीक्षेत 60 टक्के गुण मिळवावे लागतात. तेव्हा सिव्हिलला गेलेल्या मुलांनी ठेकेदारी हाच एक रस्ता आहे असे समजू नये. कला शाखेच्या मुलांनीही निराश होऊ नये. सातबारा, फेरफार, खरेदीखत, मराठवाड्यातील जुनी खासरा पत्रके वाचता येणारा मुलगा गावाला हवाच आहे. त्याला पदवीचे बंधन नाही.

शेवटी एक गोष्ट. या कामात दबाव असतो. कर्जदाराला वाटते आकडा फुगावा, लिलावात घेणाऱ्याला वाटते आकडा पडावा. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण घर विकते, तेव्हाही आधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्य काढून मगच राखीव किंमत ठरवावी लागते. तो आकडा खाली आला, तर एखाद्या कुटुंबाचे घर मातीमोल जाते. फुगला, तर पुढचा कर्जदार झेपणार नाही एवढ्या कर्जाखाली दबतो. म्हणून मूल्याच्या आकड्यावर अवलंबून राहणारी फी घेऊ नये, ज्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करू नये, असे दंडक आहेत. ते पाळणारी माणसे आपल्यातून निघाली पाहिजेत.

पिढ्यान्पिढ्या आपल्या श्रमाचा आणि आपल्या वस्तीच्या जागेचा भाव दुसऱ्यांनी सांगितला आणि आपण मान डोलावली. यापुढे निदान आपला उतारा आपण वाचावा, खरेदीखतात खरी किंमत लिहावी, आणि आपल्या एका तरी मुलाला या वाटेला लावावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.